पुढच्या सीटखालचा पत्रा

बोल्टला पाना लावून मी अर्धा फेर फिरवला. बोल्ट सैल झाला नाही. तो नटासकट वर आला, आणि नटाबरोबर त्याच्याभोवतीचा पत्राही. शिळ्या भाकरीचा तुकडा मोडावा तसा तळहाताएवढा पत्रा माझ्या हातात राहिला. सीटखाली पडलेल्या भोकातून गॅरेजची फरशी दिसत होती.

"काय झालं बाप्पा?" शेजारी उभ्या भास्करनानांनी विचारलं.

मी तो तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी चिमटीत धरला, जरा दाबला. त्याचा चुरा झाला.

माझं जळगावात डेंटिंग-वेल्डिंगचं गॅरेज आहे. इंजिनाचं काम मी करत नाही. गाडीचा पत्रा, म्हणजे बॉडी, एवढंच माझं काम. तीस वर्षं झाली. भास्करनाना सावद्याचे, केळीचे शेतकरी, सत्तरी ओलांडलेले. त्या दिवशी गुरुवार होता. त्यांच्या पत्नी इंदूअक्कांना ते दवाखान्यात डायलिसिसला सोडून आले होते. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, हा त्यांचा ठरलेला फेरा. डायलिसिसला चार तास लागतात. तेवढ्या वेळात गाडीचा एक आवाज काढून घ्यावा, म्हणून ते माझ्याकडे आले होते. मला त्यांनी यापूर्वी पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी गॅरेजचा पत्ता दिला होता.

"ब्रेक मारला का खालून कट्‌कन आवाज येऊ राह्यला," ते आल्या आल्या म्हणाले होते. "ती म्हणते, सीट हालते. मी म्हटलं, तुह्यं वजन कमी झालं म्हणून तुले तसं वाटते."

सीट खरंच हलत होती. पुढच्या डाव्या सीटला चार बोल्ट असतात. त्यातला एक आता माझ्या हातात होता. दुसरा मी बोटांनी हलवून पाहिला. तोही डुलत होता. म्हणजे अक्कांची सीट दोन बोल्टांवर सावद्याहून जळगावला ये-जा करत होती.

"पत्रा मारून दे वरून," नाना म्हणाले. "चार घंट्यात होईन ना?"

हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, त्याची गणती नाही. पत्रा मारणं म्हणजे गंजलेल्या भागावर नवा पत्रा ठेवायचा, कडेनं वेल्डिंगचे चार-सहा टाके घालायचे, वरून डांबर फासायचं आणि मॅट अंथरायची. दोन तासांचं काम. दिसायला छान दिसतं.

मी नानांना समजावलं. ट्रकला खाली जाड लोखंडी चासी असते, तिच्यावर बाकी सगळं बसतं. अशा लहान गाडीला वेगळी चासी नसते. खालचा पत्रा, त्याखालच्या आडव्या पट्ट्या आणि दाराखालची पेटी मिळूनच तिचा कणा होतो. सीट त्याच्यावर बसते, सीटबेल्टचा एक बोल्ट तिथंच असतो. तो पत्रा सडला असेल तर वर नव्या पत्र्याची चादर घालून उपयोग नाही. सडलेला सगळा कापायचा, चांगलं लोखंड लागेल तिथं थांबायचं आणि नवा पत्रा जोडायचा.

"किती दिवस?"

"तीन तरी. सोमवारी गाडी देतो."

नाना घड्याळाकडे बघून रिक्षानं दवाखान्यात गेले. अक्कांना घेऊन परत येतो म्हणाले.

ते गेल्यावर मी आणि यशवंत कामाला लागलो. यशवंत माझ्याकडचा वेल्डर, मूळचा सोनगीरचा, पन्नाशीला आलेला. आम्ही दोन्ही सीट काढल्या, मॅट काढली. मॅटखाली नमदा असतो, जाड बुरणुसासारखा. तो ओलाच होता. पिळला असता तर पाणी निघालं असतं. पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आत झिरपत होतं आणि नमद्यात मुरत होतं. मागच्या सीटसमोर पांढरट थर होता. मी बोट लावून पाहिलं, खताची पूड होती. केळीला पोटॅश भरपूर लागतं. गोण्या मागच्या सीटसमोर टाकून आणल्या असणार. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. ओल्या पत्र्याला ते लागलं की पत्रा फार दिवस टिकत नाही.

नमद्याखाली डांबराचा जाड थर होता. मी तो पटाशीनं खरवडायला घेतला. थोडं खरवडल्यावर खाली पत्र्याची कड दिसली. कुणीतरी आधीच वर पत्रा मारलेला होता. त्या चादरीखाली पाणी अडकून मूळचा पत्रा पार कुजला होता.

"हाई काम कोनं शे, भाऊ?" यशवंतनं विचारलं. यशवंत माझ्याकडे येऊन चारच वर्षं झालीत.

मी चादरीचा चौथा कोपरा उघडा करत होतो.

वेल्डर लोकांना एकमेकांचं काम ओळखू येतं, अक्षर ओळखू यावं तसं. मी पत्र्याचा तुकडा कापला की त्याचे चारही कोपरे गोल करतो. टोकदार कोपरा उचकटतो, आणि तिथूनच चीर जाते, हे माझ्या उस्तादांनी शिकवलं होतं. गोलाई आखायला मी नाणं ठेवतो. या चादरीचे चारही कोपरे गोल होते, नाणं ठेवून आखल्यासारखे. टाके तीन-तीनच्या जोडीनं होते. तेही मीच तसे घालतो.

मग सगळं आठवलं. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या गाड्यांचा एक दलाल तेव्हा माझ्याकडे गाड्या आणायचा. ही गाडी तेव्हा पांढरी होती, आता निळी आहे, म्हणून गाडी ओळखीची वाटली नाही. मी त्याला म्हणालो होतो, हे कापून करावं लागेल. तो म्हणाला होता, "विकायची गाडी आहे, भाऊ. उद्या गिऱ्हाईक येतंय. वरून झाकून दे." मी झाकून दिलं. वर डांबर फासलं, ते वाळायच्या आत मॅट टाकली. दलालाच्या मर्जीप्रमाणे काम केलं, असं तेव्हा वाटलं. गाडीत पुढं कोण बसणार, हा विचार डोक्यात आलाच नाही.

"माझं आहे," मी यशवंतला म्हणालो.

त्यानं चादरीच्या गोल कोपऱ्यावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, "सांगी दे ना, पोटॅशमुये सडनं."

ते अगदीच खोटं नव्हतं. पोटॅशनं मागचा भाग खाल्लाच होता. नानांनाही पटलं असतं, कारण गोण्या त्यांनीच आणल्या होत्या. आम्ही चादर उपटून भंगारात टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. हे सगळं माझ्या मनात आलं. आलं नाही असं म्हणणार नाही.

नाना अक्कांना घेऊन आले. अक्का निवृत्त शिक्षिका, किरकोळ बांध्याच्या. डायलिसिस झाल्यावर माणूस गळून जातो. मी त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली. पाणी देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "दोनच घोट. मला मोजूनच प्यावं लागतं." मग म्हणाल्या, "दाखवा काय निघालं ते."

मी बोल्ट आणि पत्र्याचा चुरा दाखवला. त्यांनी तो बघितला आणि नानांकडे पाहिलं. नानांनीच मान खाली घातली.

मग नाना गाडीत वाकून बघायला लागले. डांबर आणि चादर पाहून त्यांचा पारा चढला. "कोन्या गाढवानं हे केलं? माणसं बसतात ना याच्यात! त्याले काही लाज?"

"नाना, मी केलंय," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, आजच्या कामाबद्दल बोलतोय. मग मी नीट सांगितलं. दलाल, पांढरी गाडी, गोल कोपरे, सगळं. यशवंत ग्राइंडर हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

नाना गाडीतून मागे सरून सरळ उभे राहिले. मग म्हणाले, "मंग आता तुह्यावर भरोसा कसा ठेवू?"

मी म्हणालो, "ठेवू नका. गाडी दुसऱ्या गॅरेजला न्यायची असेल तर मी टोचन करून, माझ्या गाडीनं ओढत पोचवतो. काय काय करायचं ते त्यांना लिहून देतो. नाहीतर इथंच करायचं, पण तुम्ही समोर बसा. तुम्ही बघितल्याशिवाय मी काहीही झाकणार नाही."

अक्कांनी विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं? हे असं होईल म्हणून?"

"हो."

"तरी केलं."

"हो."

त्यांनी मान हलवली. वर्गात एखाद्या मुलानं खरं उत्तर दिलं पण ते ऐकायला बरं वाटलं नाही, की बाई हलवतात तशी. मग नानांना म्हणाल्या, "इथंच करू. तुम्ही बसा यांच्या समोर. घरी बसून माझ्यावर पहारा करता, त्यापेक्षा इथं करा."

मी म्हणालो, तोवर माझी गाडी घेऊन जा. "तुही गाडी नको," नाना म्हणाले, आणि भाड्याची गाडी करून अक्कांना घेऊन गेले.

शुक्रवारी सकाळी साडेनवाला नाना एसटीनं हजर. डबा, पाण्याची बाटली, चष्मा. मी स्टूल दिलं, ते गाडीच्या उघड्या दारापाशी ओढून बसले.

पत्रा कापायच्या आधी एक काम असतं, जे पुष्कळ जण टाळतात. तळ कापला की गाडी मधून बसते, मग दारं लागत नाहीत. म्हणून पुढच्या आणि मागच्या दाराच्या खांबांमध्ये आम्ही एक लोखंडी अँगल तात्पुरता जोडला. बॅटरी काढली. खालून पेट्रोलची नळी आणि ब्रेकचा पाइप जातो, ते दोन्ही सोडवून बाजूला बांधले. मग ग्राइंडर लावला. माझी जुनी चादर आधी निघाली. ती मी नानांच्या पायाशी ठेवली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली आणि स्टुलाखाली सरकवली.

सडलेलं कुठं संपतं हे डोळ्यांना कळत नाही. वरून रंग धडधाकट दिसतो, खाली पोकळ असतं. हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा आणि स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडका बद्द वाजतो. मी ठोकत गेलो, खडूनं रेघ मारत गेलो.

"रेघेच्या बाहेर अजून दोन बोटं काप," नाना म्हणाले. "केळीच्या पानाले करपा लागला का आम्ही डागापाशी नाही कापत. हिरवं लागलं का त्याच्याही पुढं कापतो."

मी कापलं. त्यांचं बरोबर होतं. रेघेच्या बाहेरही कड पातळ झालेली होती.

शनिवारी पुठ्ठ्याचा साचा केला, तो अठरा गेज जाडीच्या पत्र्यावर ठेवून आखला. सपाट पत्रा पायाखाली थडथडतो, म्हणून मूळच्या तळाला उभ्या पन्हाळ्या असतात. तशा त्याला ठोकून काढल्या. सीटचे नट जिथं येतात तिथं खालून जाड पट्टी लावायची ठरवली. संध्याकाळपर्यंत पत्रा जागेवर बसत होता. रविवारी वेल्डिंग, प्रायमर, सोमवारी सकाळी गाडी तयार. माझं गणित जमत आलं होतं.

नानांनी हात पुढे केला. "तो स्क्रू-ड्रायव्हर दे."

मी दिला. ते गुडघ्यावर वाकून दाराखालच्या पेटीला टोचायला लागले. आम्ही तिला सिल म्हणतो. तळाची बाहेरची कड या पेटीला जोडलेली असते. ती मी ठोकून पाहिली होती आणि ठीक आहे म्हणून सोडली होती.

"हे इथं बद्द वाजते," ते म्हणाले.

"तिथं आत फोम असतो नाना, म्हणून."

हे मी का बोललो, मला आजही सांगता येत नाही. त्या पेटीत फोम नसतो. मला ते माहीत होतं. मला फक्त सोमवार दिसत होता.

नानांनी जोर लावला. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

तिघंही त्या भोकाकडे बघत राहिलो. सीटचे बाहेरचे दोन बोल्ट या पेटीच्या जिवावर असतात. मी नवा कोरा पत्रा आणून सडक्या कडेला जोडणार होतो. म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वी केलं तेच, फक्त जास्त सफाईनं.

"सोमवारी होणार नाही," मी म्हणालो.

"नको होऊ दे," नाना म्हणाले. तेवढंच. मग डब्यातले केळ्याचे वेफर्स काढून त्यांनी माझ्यापुढे आणि यशवंतपुढे धरली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

सोमवारी अक्कांना डायलिसिसला आणायचं होतं. मी म्हणालो, मी माझी गाडी घेऊन सावद्याला जातो. नाना म्हणाले, "जा. मी पहिल्या एसटीनं येतो. यशवंत वेल्डिंग करणार ना, मी त्याच्यासमोर बसतो."

मी सकाळी सावद्याला पोचलो तेव्हा अक्का पिशवी घेऊन ओट्यावरच बसल्या होत्या. पुढच्या सीटवर बसताना त्यांनी सीट हातानं हलवून बघितली. मला हसू आलं नाही, त्यांनाही नाही. भुसावळपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग एकदम विचारलं, "अशा अजून किती?"

"काय?"

"गाड्या. अशा झाकून दिलेल्या."

मी म्हणालो, "आठवावं लागेल."

"मग आठवा," त्या म्हणाल्या. "मी दोन वर्षं म्हणत होते सीट हलते. हे म्हणायचे, तुझं दुखणं आहे. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. माणूस आजारी असला ना, की त्याचं खरं कुणी धरत नाही. तोही धरत नाही."

दवाखान्याच्या दारात त्यांना उतरवलं. परत गॅरेजला येईपर्यंत मी आठवत होतो.

गाडी बुधवारी संध्याकाळी पूर्ण झाली. सिलचा सडका भाग कापून नवा जोडला. सीओटू गॅसचं वेल्डिंग एका ओळीत करत नाहीत, पत्रा तापून वाकतो. इथं एक टाका, मग लांब तिथं एक, असं करत कड भरून काढतात. वेळ जातो. वेल्डिंग झाल्यावर गंज धरू नये म्हणून झिंकचा प्रायमर, जोडांवर सीलर, खालून कोटिंग. पुढच्या काचेचं रबर बदललं आणि नळीनं काचेवर अर्धा तास पाणी मारलं. आत थेंब आला नाही. अँगल काढला, चारही दारं लावून पाहिली, बरोबर लागली. यशवंतला त्या सीटवर बसवून मी मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा वेळा कचकन ब्रेक मारले. सीट जागची हलली नाही. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले होते, ते नानांच्या मोबाइलवर पाठवले. नवा नमदा टाकताना मी नानांकडे बघितलं. ते म्हणाले, "टाक आता." मजुरीचा विषय मी निघू दिला नाही. मालाचे पैसे त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले आणि उचलून परत द्यायची माझी हिंमत झाली नाही.

"मागं पोटॅशची गोणी ठेवू नका," मी सांगितलं.

"ते मले समजलं," नाना म्हणाले. "माह्यीबी चूक होतीच." जाताना त्यांनी हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत. गाडी सुरू केली, थोडी पुढं नेली, ब्रेक मारला, कान देऊन ऐकलं आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दुपारी नानांचा फोन आला, अक्का व्यवस्थित गेल्या, व्यवस्थित आल्या. सीट हलत नाही, असं अक्कांनी स्वतः फोनवर सांगितलं.

आठवून आठवून मला सात गाड्या आठवल्या. दलाल आता धंद्यात नाही, पण त्याच्याकडून दोन पत्ते मिळाले. एक गाडी भडगावला निघाली, एक धुळ्याला. आणखी दोघांचे नंबर माझ्याच जुन्या वहीत होते. भडगावच्या माणसानं गाडी आणली, ती मी कापून करून दिली. धुळ्याची गाडी भंगारात गेली होती. एकानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चालतेय ना, मग राहू दे." त्याला मी अजून महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. एकानं मी काम मिळवण्यासाठी घाबरवतोय असं समजून फोन ठेवून दिला. त्याचा राग येत नाही. त्याच्या जागी मीही तसंच केलं असतं. उरलेल्या तीन कुठं आहेत, त्यांच्यात पुढं कोण बसतं, मला माहीत नाही.

आता गॅरेजमध्ये कुणी "वरून पत्रा मारून दे" म्हणालं, तर मी नाही म्हणतो. काही जण रागावून दुसरीकडे जातात, आणि तिथं त्यांना पत्रा मारून मिळतो. हेही मला माहीत आहे.

वाचणाऱ्यांपैकी कुणी जुनी गाडी घेणार असेल तर एवढंच सांगतो. रंग आणि इंजिन सगळेच बघतात. तुम्ही पुढच्या सीटखालची मॅट उचला. खाली डांबर दिसलं तर ते का लावलं ते विचारा, आणि स्क्रू-ड्रायव्हरनं टोचून बघा. विकणारा म्हणाला, "तिथं काय बघायचंय?" तर तिथंच बघा.